चारातला एक बैल खांदा टाकतो तेव्हा

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी चार बैलांचा नांगर हाकला आहे, किंवा निदान वडिलांना हाकताना पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट सांगायला नको. चारही बैल मन लावून ओढत असले की नांगर एकसारखा चालतो. त्यातल्या एकानं खांदा टाकला की नांगर हिसके देऊ लागतो, बाकीच्या तिघांच्या तोंडाला फेस येतो आणि मागं रुमणं धरणाऱ्याच्या मनगटाला ते लगेच जाणवतं. पण चारातला नेमका कोणता बैल अंग चोरतोय, हे ओळखायला नजर लागते. ज्याला ती नजर नाही, तो चौघांनाही आसूड ओढतो आणि त्यात कष्टाळू बैलाचीच पाठ सोलून निघते.

जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन म्हणजे असाच चार बैलांचा नांगर. चार सिलिंडर पाळीपाळीनं जोर लावतात. त्यातला एखादा मधूनच जोर लावायचा थांबला की गाडी लंगडते, सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ असा तुटक आवाज येतो, चढावर दम तुटतो आणि पेट्रोल मात्र दुप्पट पितेय असं वाटतं. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘गाडी मिसिंग मारते’ असं म्हणतात. हे मिसिंग कसं शोधायचं, ते आज सांगणार आहे. पुस्तकातलं कमी आणि आमच्या घरात गेल्या हंगामात जे घडलं त्यातलं जास्त.

इंदापूरच्या मातीचं नातं

आधी गाडीविषयी चार शब्द. आमच्या घरी १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. गावात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, सगळे ‘फियाट’च म्हणतात, आणि ते चूकही नाही. इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशे’ नावाची गाडी मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं परवाना घेऊन इथं बनवायला घेतली. १९६४ पासून आलेल्या नमुन्याला ‘डिलाइट’ म्हणत. त्याच गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं.

ही प्रीमिअर कंपनी १९४४ साली उभी केली ती शेठ वालचंद हिराचंद यांनी. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. आपल्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि उसाचा मळा उभा करून ज्यांच्या नावानं वालचंदनगर वसलं, तेच हे वालचंद. म्हणजे ज्या माणसानं इथं उसाची मळी काढली, त्यानंच मुंबईत मोटारींचा कारखाना काढला. पुढं त्याच वालचंदनगरच्या यंत्रशाळेत अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांचे भागही तयार झाले. म्हणून इंदापुरात एखादी जुनी फियाट दिसली की मला ती परक्या गावची वाटतच नाही, माहेरपणाला आलेली लेकच वाटते.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. तिथली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खेड्यापाड्यांत मात्र गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली अजून कितीतरी गाड्या जपून ठेवलेल्या आहेत. कुणाच्या वडिलांनी उसाच्या पहिल्या चांगल्या बिलातून घेतलेली, कुणाची वरात जिच्यातून आली ती, तर कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवलेली. अशा गाडीला बाजारात भंगाराचा भाव असतो, पण घरात तिचं मोल निराळं असतं.

त्या रात्री काय झालं

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ही गाडी १९८४ साली जुनीच घेतली. आज त्यांचं वय चौऱ्याऐंशी. वेळोवेळी नोंदणीचं नूतनीकरण करून आम्ही ती चालू ठेवली आहे. गेल्या मार्गशीर्षात आईला डोळे दाखवायला घेऊन मी भिगवणकडं गेलो होतो. परतताना अंधार पडला. पुणे-सोलापूर महामार्गावर एका उड्डाणपुलाच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले, तीन दिले आणि ऐन चढावर ती बंद पडली. उसाचा हंगाम ऐन भरात. मागून दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, भरधाव ट्रक, आणि आमच्या गाडीचे मागचे दिवे म्हणजे देवघरातलं निरांजन. आई मागच्या सीटवर, डोळ्यांत औषध घातलेलं, तिला समोरचं धड दिसत नव्हतं. तिला हात धरून कठड्याबाहेर नेईपर्यंत माझ्या पोटात जो गोळा आला, तो मी जन्मात विसरणार नाही.

दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. पण घरी आल्यावर मी बोलून गेलो, “अण्णा, आता पुरे. हिला भंगारात द्यायची.” अण्णा काही बोलले नाहीत. जेवणाचं ताट तसंच सरकवून ते उठले.

खरं म्हणजे तोवर आम्ही तीन मिस्त्री केले होते. पहिल्यानं डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलून पाहिली. चढावरचा आचका गेला नाही म्हणून ‘कॅपचा दोष नाही’ असं सांगून जुनीच कॅप परत बसवली. दुसऱ्यानं कार्ब्युरेटर उघडून साफ केला. दोन दिवस चढावर गाडी बरी चालली, पण सकाळचं लंगडणं काही राहिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी चढही पुन्हा रडू लागला. तिसऱ्यानं नुसता आवाज ऐकला आणि इंजिन उतरवून बोअर करावं लागेल असं सांगितलं. खर्च चाळीस हजार. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आमची गत. तोवर अठरा हजार रुपये गेले होते.

वहीनं दाखवलेली वाट

माझी पुतणी तंत्रनिकेतनात शिकते. दिवाळीनंतर परीक्षा आटोपून ती घरी आली होती. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना विचारलं, “आबा, ही नेमकी लंगडते कधी?”

अण्णा म्हणाले, “रोजच लंगडते की.”

“रोज, पण कधी? सकाळी का दुपारी? उभी असताना का चढावर? गार असताना का तापल्यावर?”

कोणालाच धड सांगता येईना. तेव्हा तिनं एक वही केली. आपण जशी दुधाची वही ठेवतो, तशी. तारीख, वेळ, हवा, गाडी गार का गरम, उभी का चालती, सपाटीला का चढाला, आणि लंगडणं एका तालात का बेताल. आठ दिवस कुणीही गाडी काढली की वहीत लिहायचं. आईसुद्धा स्वयंपाकघरातून ऐकून सांगायची. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं त्या काळापासून तिचा कान तयार आहे. पट्टा घसरला का पाणी तुटलं, हे ती चुलीपाशी बसून ओळखायची.

आठ दिवसांनी वही उघडली तर एक गंमत दिसली. नोंदी दोन ढिगांत पडत होत्या. पहिला ढीग असा: पहाटेची वेळ, दव पडलेलं, गाडी गार, जागेवर उभी, आणि लंगडणं अगदी तालात, दर चौथा ठोका चुकलेला. दुसरा ढीग असा: गाडी चांगली तापलेली, दहा-बारा मैल धावलेली, चढ किंवा जादा माणसं, आणि आचके बेताल, सगळा जोरच गेल्यासारखे.

अण्णा चष्मा लावून वही वाचत होते. ते हळूच म्हणाले, “अगं, म्हणजे दोन बैल आजारी आहेत. एकाला औषध दिलं की दुसरा लंगडतो, आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही.”

वाचकहो, या सगळ्या लेखातलं सोनं काय असेल तर ते एवढंच वाक्य आहे. पहिल्या मिस्त्रीनं बसवलेली कॅप बरोबर होती आणि दुसऱ्यानं साफ केलेला कार्ब्युरेटरही बरोबर होता. पण रोग दोन आहेत हे न कळल्यामुळं दोघांनीही योग्य औषध देऊन परत काढून घेतलं.

ठिणगीची पाणीपाळी

आता इंजिन चालतं कसं ते थोडक्यात समजून घेऊ. सिलिंडरला तीन गोष्टी लागतात. वेळेवर पडणारी ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांचं बेताचं मिश्रण, आणि ते मिश्रण दाबून धरणारं कंप्रेशन. तिन्ही असलं की सिलिंडरनं जोर लावलाच पाहिजे. त्यातलं एक जरी चुकलं तरी तो ठोका फुकट गेला.

ठिणगीचं काम आपल्या कालव्यासारखं आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट म्हणजे विहिरीच्या तळाचं पाणी. कॉइल ही मोट. ती हा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत वर चढवते. पॉइंट उघडला की तो दाब सुटतो. पुढं डिस्ट्रिब्युटर हा पाटकरी. कॅपखाली रोटर फिरतो आणि चार दारांना पाळीपाळीनं ठिणगी सोडतो. फियाटची पाळी आहे एक, तीन, चार, दोन. नीरा डाव्या कालव्यावर १८८५ पासून आपल्या वाडवडिलांनी पाळ्या मोजल्या आहेत, त्यामुळं पाळी चुकली की पीक जातं हे तुम्हांला सांगायला नको. फरक इतकाच, की इथं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पाटकऱ्याला मिनिटाला सहा हजार दारं मोडावी लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर.

आता कॅपला बारीक तडा गेला असेल तर काय होईल? चारी फुटल्यावर जे होतं तेच. ठिणगी आपल्या वाफ्यात न जाता भलतीकडंच झिरपून जाईल. आणि दवानं कॅप ओलसर झाली की ही गळती आणखी वाढेल.

पहिला बैल कसा सापडला

पुतणीनं पहाटे गार गाडी सुरू केली. लाकडी पाटावर उभं राहून, जाड रबरी मुठीच्या कोरड्या पक्कडीनं तिनं एकेका प्लगची वायर क्षणभर उचलली. पहिली उचलली, इंजिन आणखी खचलं. याचा अर्थ पहिला सिलिंडर काम करत होता, त्याला सोडवल्यावर नांगर जड झाला. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरी वायर उचलली तर इंजिनाला काही फरकच पडला नाही. अंग चोरणारा बैल सापडला. तिसऱ्याचा प्लग काढून पाहिला तर पेट्रोलनं ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ते पेटत नव्हतं.

इथं घाईघाईनं प्लग, वायर, कॅप सगळंच बदललं असतं तर गाडी सुधारली असती, पण दोष कुठं होता ते कळलं नसतं. ती म्हणाली, “काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” तिनं तिसरा प्लग पहिल्या जागी लावला आणि पहिला तिसऱ्या. लंगडणं तिसऱ्यातच राहिलं. म्हणजे प्लग निर्दोष. मग तिसऱ्याला दुसरी चांगली वायर लावली. तरी लंगडणं तिथंच. म्हणजे वायरही निर्दोष. आता उरली कॅप.

त्या रात्री अंगणातले दिवे मालवून आम्ही बॉनेट उघडलं. काळोख चांगला होता. गाडी सुरू करून तिनं कॅपच्या आजूबाजूला पाण्याचा अगदी हलका फवारा मारला, दव पडावं इतकाच. आणि सगळ्यांना दिसलं. तिसऱ्या वायरच्या बुडापासून कॅपच्या लोखंडी क्लिपपर्यंत एक निळी रेघ सापाच्या जिभेसारखी लपलपत होती. सकाळी उजेडात त्याच जागी केसाएवढी काळी रेघ सापडली. नवी कॅप बसवली आणि पहाटेचं लंगडणं त्या दिवसापासून थांबलं.

चढावरचा आचका अजून होताच. पण या खेपेला आम्ही नवी कॅप काढली नाही.

दुसरा बैल, आणि आपलाच ऊस

तापल्यावर आणि ओझं पडल्यावर गाडी बेताल आचके देत असेल तर संशय दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे तापून अशक्त होणारी कॉइल किंवा कंडेन्सर, आणि दुसरं म्हणजे पेट्रोल कमी पडणं. आम्ही शेजारगावच्या एका स्नेह्यांच्या चालत्या फियाटची कॉइल आणि कंडेन्सर एकामागून एक लावून पाहिले. फरक नाही. मग गाडी गार झाल्यावर, मोकळ्या जागेत, कॉइलची वायर सोडून ठेवून, पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी एका बाटलीत धरली आणि स्टार्टर मारला. पेट्रोलच्या चांगल्या जोरकस चिळकांड्या यायला हव्या होत्या. आलं ते पावसाळ्याच्या शेवटी गळणाऱ्या वळचणीसारखं.

टाकीकडून पंपाला येणारी रबरी नळी काढली. वरून ती ठणठणीत दिसत होती. उभी चिरली तर आतलं अस्तर फुगून सुटलेलं, त्याचे काळे कण झालेले. तेच कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसत होते. पंपाचा डायफ्रामही ताठरला होता. दुसऱ्या मिस्त्रीनं जेट साफ केल्यावर गाडी दोन दिवस का चालली आणि तिसऱ्या दिवशी का रडली, याचा उलगडा तिथं झाला. चारी साफ केली होती, पण वरून माती येतच होती.

आता हे अस्तर का सुटलं? नळी जुनी होती हे एक कारण. दुसरं कारण आपल्या शेतातलंच आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. देशभर दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ साली गाठला गेला आणि वीस टक्क्यांचा २०२५ मध्ये. हे इथेनॉल मळीपासून, उसाच्या रसापासून आणि धान्यापासून होतं. उसाला त्यामुळं आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, हे आपल्या हिताचंच आहे. पण १९७८ सालची गाडी बनवणाऱ्यानं हे पाणी तिच्यासाठी धरलेलं नव्हतं. जुन्या प्रतीचं रबर इथेनॉलनं फुगतं आणि सुटतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी साचू शकतं. शिवाय लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, आणि त्यात प्राणवायू असल्यामुळं जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण थोडं पातळ पडतं. आपलाच ऊस आपल्याच फियाटच्या नळीत आडवा आला, असं म्हणून अण्णा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले.

उपाय अवघड नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या आणि डायफ्राम मिळतात, ते विचारून घ्यावेत. मध्ये एक छोटा फिल्टर बसवावा. गाडी फार दिवस उभी ठेवू नये. ठेवायचीच असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा. जेट किंचित मोठा करायचा का, हे प्लगचा रंग पाहून जाणत्या मिस्त्रीनं ठरवावं.

तुमच्या वहीत उतरून घ्या

प्लगचा रंग ही इंजिनाची नाडी आहे. फिकट चॉकलेटी रंग असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, किंवा चोक अडकलेला. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगी पडत नाही. काळा आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हमधून तेल येतं. पांढरा फटक असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतं.

लंगडणं तालात असेल तर दोष एका सिलिंडरपुरता. प्लग, वायर, कॅप आणि व्हॉल्व्ह पाहा. लंगडणं बेताल असेल तर दोष चौघांच्या सामाईक जागी. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर आणि पेट्रोल पाहा. पॉइंट जळून खड्डे पडलेले असतील तर नुसते घासून थांबू नका, कंडेन्सरवरही संशय घ्या. पॉइंटमधली फट फियाटला साधारण ०.४५ मिलिमीटर आणि प्लगची अर्धा ते सहा दशांश मिलिमीटर. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून फिलर गेजनं मोजा. गेज नसेल तर वाटेत प्लगपुरतं हॅक्सॉचं पातं चालून जातं.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम गेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहा, पण गाडी गार असताना. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

कुणी इंजिन उतरवायला सांगितलं तर आधी कंप्रेशन मोजायला सांगा. इंजिन गरम असावं, चारही प्लग काढलेले असावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तर इंजिन उघडायची घाई नको. एकच आकडा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाही. आमच्या गाडीचे चारही आकडे एका रांगेत आले. चाळीस हजारांचं बोअरिंग तिथंच वाचलं.

आणि सावधगिरीचं एक. पेट्रोलचं काम घरात नको, रात्री कंदिलापाशी नको आणि बिडी-काडी तर मुळीच नको. जवळ वाळूची बादली ठेवा. वायर उचलण्याची परीक्षा उघड्या हातानं करू नका, आणि ती जुन्या पॉइंटच्या गाड्यांसाठीच आहे. आजच्या संगणकाच्या गाड्यांत तसं केलं तर न जळालेलं पेट्रोल पुढं जाऊन महागडे भाग बिघडतात.

हे ज्ञान फक्त मोटारवाल्यांच्या कामाचं आहे असंही नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जोच्या कारखान्यात तीनचाकी आणि व्हेस्पा स्कूटर बनतात. आपल्या घरोघरी दुचाकी आहेत, पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप आहेत. ऐन फवारणीत पंप धडधडायचा थांबला तर तिथंही प्रश्न हेच तीन: ठिणगी आहे का, पेट्रोल पोचतं का, दाब धरतो का.

शेवटचा हिशेब

कॅप, नळ्या, डायफ्राम आणि फिल्टर मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. अठरा हजार अंदाजानं खर्च झाले आणि दोन हजार शोधून खर्च झाले. मिस्त्री लोकांना मी दोष देत नाही. आम्हीच त्यांना ‘गाडी चालत नाही’ एवढंच सांगत होतो. डॉक्टरकडं जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर तो तरी काय करील?

एक निर्णय मात्र आम्ही सगळ्यांनी बसून घेतला. गाडी भंगारात द्यायची नाही, पण रात्री ती महामार्गावरही न्यायची नाही. त्या चढावरची ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. म्हाताऱ्या बैलाला आपण शेवटपर्यंत दावणीला ठेवतो, पण त्याला खोल नांगरटीला जुंपत नाही.

नंतर एका सकाळी अण्णांना पुढं बसवून बारामतीला गेलो. तुकोबांची पालखी बारामतीहून ज्या वाटेनं इंदापूरला येते, तीच वाट उलटी. निमगाव केतकी, अंथुर्णे, बेलवाडी, सणसर, काटेवाडी. दोन्ही बाजूंना तुटलेला ऊस, पाचटाचा वास, पाटाला आलेलं पाणी. अण्णा सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. काटेवाडीच्या पुढं गेल्यावर त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, “चारी ओढतायत.”

घरी आल्यावर पुतणीनं वहीत तारीख घातली आणि पुढं लिहिलं: लंगडणं नाही. ती वही आता गाडीच्या खणात असते. तुमच्याकडं जुनी गाडी असेल, इंजिन असेल, पंप असेल, तर आजच अशी एक वही घाला. त्यासाठी फक्त एक पेन्सिल लागते, आणि घरातल्या प्रत्येकाचा कान.